नाहीची शीर

दुपारच्या शांततेत कडी पडावी तशी ऋजुताची मान टक् वाजली, आणि तिचं ‘नाही’ घरभर ऐकू गेलं. त्या घरात सुनेचा आवाज कुणाला ऐकू येत नसे. ती काय म्हणाली ते मानेवरूनच कळायचं.

सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, सुपातले तांदूळ निवडता निवडता पुन्हा विचारलं, “तुझ्या मनवाला आत्याकडे देऊन टाकायची ना? तिची ओटी रिकामी आहे.”

टक्.

“किती गं दुखते तुझी मान. चल, शीर जाळून आणू.”

दवाखाना फडताळाच्या मागेच होता. ऋजुताला पालथं निजवलं. डॉक्टरांनी मानेच्या सांध्याशी एकेक सुई उतरवली. माई सूप घेऊन उशाशी उभ्या राहिल्या.

“सरसकट जाळत नाही हो आम्ही,” डॉक्टर म्हणाले. “दुखते तेवढीच शीर. आधी थोडा करंट सोडतो. कळ कुठे उठते ते पेशंटनं सांगायचं.”

“तिला कशाला त्रास? मी सांगते ना.”

पहिल्या सुईतून शिळी पोळी नको म्हटलेली एक सकाळ निघाली.

“ही राहू द्या. तेवढं चालतं आमच्यात.”

दुसरीतून निघालं, ‘मनवाला देणार नाही.’

“हीच. हीच मेली ठणकते.”

मोहरी करपल्याचा वास आला.

“वर्षभरात परत उगवते हं ही,” डॉक्टर हात धूत म्हणाले.

“वर्ष पुष्कळ झालं. तोवर पोर रुळते.”

दुखणं खरंच गेलं. कित्येक महिन्यांनी ऋजुताने वाकून मनवाला उचललं. केसांना खोबरेलाचा वास होता, कानामागे पावडर. तिने मान वळवून तिथे ओठ टेकवायला पाहिलं. मान वळेना. ती फक्त वर-खाली होत होती.

“कपडे भरू का गं हिचे?” माईंनी विचारलं. मान हलली.

“आत्ताच नेऊ?” हलली.

“गुणाची गं बाई.”

आत्याची रिक्षा माजघरात येऊन उभी राहिली. भिंती तिच्या टपाला येऊन भिडल्या. ऋजुता ओरडत होती, आणि माई मनवाच्या फ्रॉकच्या घड्या घालत होत्या.

मनवाने दोन्ही तळव्यांत आईचे गाल धरले.

“आई, मी तुला नको झाले?”

मान खाली येऊ लागली. हनुवटी धरून ठेवायची, तर मनवाला हातातून सोडावं लागणार होतं.