रस्त्याकडे तोंड केलेली होडी

मित्रांनो, होडी म्हटलं की तुम्हाला पाणी आठवत असेल. मला मात्र पत्र्याचं एक भाड्याचं गोदाम आठवतं. ऐन उमेदीची वर्षं मी तिथे ताडपत्रीखाली काढली, आणि तीही काही गुन्हा न करता. ऐका तर खरं.

मी देवदाराच्या फळ्यांची, दोन वल्ह्यांची होडी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ऑरिन ट्वेटच्या वडिलांनी, हॅल्व्हरनी, दोन हिवाळे खपून मला बनवलं. मी पाण्यावरून अशी काही सरकायचे की मोटारबोटीवाले इंजिन बंद करून बघत राहायचे. ऑरिन माझ्यातच वल्हवायला शिकला. ग्लेंडाला लग्नाचं विचारलं तेही माझ्यातच बसून, आणि घाबरून एक वल्हं पाण्यात सोडून दिलं. ते ग्लेंडानं वाकून काढलं आणि मग हो म्हणाली.

हॅल्व्हर गेले आणि मी ऑरिनकडे आले. तेव्हा नवराबायको शहराबाहेरच्या एका नव्याकोऱ्या वसाहतीत राहायचे. तिथे सोसायटी होती आणि सोसायटीला कमिटी. दाराचा रंग कमिटी ठरवणार, गवताची उंची कमिटी ठरवणार, कपडे बाहेर वाळत घालायची तर बातच सोडा. मी अंगणात जेमतेम दोन रात्री काढल्या असतील, तोच नोटीस आली. होडी दिसता कामा नये. मागच्या अंगणातसुद्धा? हो, मागच्या अंगणातसुद्धा! झालं, माझी रवानगी गोदामात. ऑरिन आधी दर महिन्याला भेटायला यायचा, मग नुसता नाताळला, मग तोही येईना. मी वाळत गेले. फळ्या आक्रसल्या, सांधे उघडे पडले. राग यायचा हो मला, फार राग यायचा.

ऑरिन निवृत्त झाला आणि त्यानं जाहीर केलं की आता घर घ्यायचं ते छोट्या गावात, सोसायटी नसलेलं. ग्लेंडाला हवं होतं भरपूर उजेडाचं स्वयंपाकघर. घरं दाखवणारी बाई बाथरूमच्या फरश्यांचं कौतुक सांगायला लागली, की हा पठ्ठ्या मध्येच विचारायचा, सोसायटी आहे का? अगदी छोटीशी आहे, त्रास नाही देत, असं ती म्हणाली की हा सरळ गाडीत जाऊन बसायचा. हे सगळं मला मागाहून त्यांच्या गप्पांतून कळलं.

शेवटी टॅमरॅक नावाच्या गावात, तळ्याजवळ, घर मिळालं. ओसरी एका बाजूला कललेली, शेजारी बकऱ्या, आणि स्वयंपाकघर असं की भर दुपारी दिवा लावावा. ग्लेंडा खिडकीशी बराच वेळ उभी राहिली आणि घेऊ म्हणाली. पण तिची अट होती.

"त्या होडीपायी मी जन्मभर अंधारात बटाटे सोलणार आहे, ऑरिन. ती पाण्यावर तरंगली तर ठीक. नाहीतर या उन्हाळ्यातच विकून टाकायची. अंगणात मढं नको मला."

ऑरिननं कबूल केलं. मला गोदामातून आणताना त्याला कोण आनंद झाला होता! त्यानं मला पुढच्या हिरवळीवर, अगदी रस्त्याला लागून, नाक रस्त्याकडे करून ठेवलं. बिचाऱ्याला गावची रीत कुठून माहीत असणार? रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली वस्तू विकायला काढलेली असते, हे टॅमरॅकमधलं शेंबडं पोरही सांगेल. मग काय, दारावर रीघ लागली. पहिली आली बकऱ्यांची मालकीण, ब्यूला. तिनं वाकून माझं बूड तपासलं आणि भाव विचारला. मग पोस्टमन आला, मग खुद्द चर्चचे पाद्री. विकायची नाही हो, असं सांगून सांगून ऑरिनचा घसा बसला. ग्लेंडा मात्र आलेल्या प्रत्येकाला कॉफी देत होती. आठवड्याभरात अर्धं गाव तिला नावानिशी ओळखायला लागलं. आणि मी? इतक्या वर्षांनी कुणीतरी आपल्याला बघतंय, म्हणून मी नुसती फुलून गेले होते.

रविवारी चर्च सुटल्यावर मला पाण्यात सोडायचं म्हणून सगळे तळ्याच्या धक्क्यावर जमले. ऑरिननं मला तळ्यात ढकललं, आणि माझ्या एकूण एक सांध्यातून पाणी आत यायला लागलं. बघता बघता मी काठोकाठ भरले. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. ऑरिन गुडघाभर पाण्यात तसाच उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"ब्यूला, तुम्हाला हवी होती ना? घेऊन जा," तो म्हणाला. "फुलझाडं लावा तिच्यात."

ब्यूलानं ग्लेंडाकडे पाहिलं. ग्लेंडानं बूट काढले आणि चर्चला घातलेल्या चांगल्या कपड्यांनिशी ती थेट पाण्यात उतरली.

"विकायची नाही," ती म्हणाली. "आणि बाहेर ओढू नकोस तिला. तुझे बाबा दर वर्षी तिला आधी बुडवून ठेवायचे, विसरलास? पाणी पिऊन फळ्या फुगतात. बुडू दे."

"आणि नाही फुगल्या तर?"

"तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बुडवू. अट मी घातली होती, मीच मोडतेय. इथे कोण नोटीस पाठवणार आहे आपल्याला?"

मी तळाशी टेकून राहावी म्हणून तिनं काठावरचा एक धोंडा उचलून माझ्यात ठेवला. मग ब्यूलानं एक दिला. पाद्रीबाबांनी बाह्या सरसावल्या. मित्रांनो, मी गावाच्या हातून बुडत होते आणि इतकं सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. चार-पाच दिवसांनी धोंडे काढले, पाणी उपसलं, आणि मी तरंगले.

तुमच्याकडेही माळ्यावर, पलंगाखाली एखादी आवडती वस्तू जपून ठेवलेली असेल. काढा तिला बाहेर. ती गळेल, करकरेल, चारचौघांत तुमची फजितीही करेल. तरी लगेच हात झटकू नका. पुन्हा कामाचं व्हायला आम्हाला जरा वेळ लागतो, एवढंच.