कंदिलावरचं घरटं

मित्रांनो, मी एक जुनं घरटं आहे. जुनं म्हणजे अवघ्या वर्षाचं, पण आमच्यात तेवढं म्हातारपण पुरे. माझा जीव अर्ध्या अक्रोडाएवढा. अमेरिकेतल्या चँडलर गावी राहणाऱ्या वीणाकाकूंच्या देवघरात, एका वाटीत मी असतो.

मला एका हमिंगबर्ड मादीने एकटीने बांधलं. नर महाशय फक्त मिरवायला! काकू वातींसाठी कापूस उन्हात ठेवत, त्यातला तिने पळवला. कोळ्याच्या धाग्यांनी तो गुंडाळून पोर्चमधल्या दिवाळीच्या आकाशकंदिलावर मला बसवलं. कोळ्याचेच धागे का? पिल्लं वाढली की घरटंही ताणलं जावं म्हणून.

माझ्यात पावट्याच्या दाण्याएवढी दोन अंडी आली. "माझ्याकडे बाळंतीण आहे," काकू कौतुकाने सगळ्यांना सांगत.

फेब्रुवारीत उघडीवाघडी पिल्लं निघाली. चौथ्या दिवशी कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं: उद्या तपासणी आहे, सणाची सजावट काढा. काकूंनी स्टूल आणलं.

शेजारची दहा वर्षांची ऋता धावत आली. "काकू, डोन्ट मूव्ह इट! मॉमला सापडणार नाही."

"अगं, मागच्या अंगणात तर शिफ्ट करतेय. नाशिक सोडल्यापासून आम्ही पाच घरं बदलली, चुकलो का कधी? आई आहे ती, बरोबर शोधेल."

काकूंचा हात इतका हलका, की कापसाचा तंतूही हलला नाही. पण मित्रांनो, ती आई घरटं शोधत नाही, जागा शोधते. दुपारभर भिंतीपलीकडून तिच्या पंखांची भणभण मला ऐकू येत होती. पिल्लं चोची वासून बसली होती आणि मला हाक मारता येत नव्हती.

रिकाम्या हुकासमोर घिरट्या घालणारी ती ऋताला दिसली. ऋता रडतच काकूंकडे आली. काकूंनी धावत जाऊन कंदील जागेवर लावला, पण तोवर अंधार पडला होता आणि थंडी वाढली होती.

सकाळी ती आली. माझ्या काठावर बसून गार पिल्लांच्या चोचीत चोच घालून पाहिली. मग उडाली, ती पुन्हा आलीच नाही.

"माझंच चुकलं गं," काकू ऋताला म्हणाल्या.

काकूंनी यंदाही कापूस बाहेर ठेवलाय. पोर्चमधल्या जळमटांना त्या हात लावत नाहीत. अजून कुणी आलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या दारात कुणी घर बांधलं, तर ते जिथे आहे तिथेच राहू द्या. पत्रं येतील, येऊ देत. मी आजही अर्ध्या अक्रोडाएवढाच आहे. मला ताणलं जायचं होतं.