दारावरचा चोवीस

वेंडेल मामाच्या गॅरेजातल्या कपाटाच्या दाराची आतली बाजू ही त्याची वही आहे. १९८३ पासून त्याने जे जे इंजिन, जो जो गिअर उघडला त्याची मापं तिथे पेन्सिलीने लिहिलेली आहेत, आणि प्रत्येक मापापुढे ते काम ज्याच्या हातून झालं त्याचं आद्याक्षर. वरपासून खालपर्यंत 'वें'. या सप्टेंबरात एका ओळीपुढे पहिल्यांदा 'थि' आलं. थिया म्हणजे मी. त्या ओळीतला आकडा खोटा नव्हता. मला जास्त लाज त्याचीच वाटते.

मामाची शेव्हेल गाडी १९७० ची. इंजिन दांडगं, पण त्याचा जोर मागच्या चाकांत वाटणारं डिफरन्शियल जुन्या पद्धतीचं. तसलं डिफरन्शियल दोन्ही मागच्या चाकांना सारखाच जोर देतं, मात्र घसरणारं चाक जेवढा पेलेल तेवढाच. त्यामुळे शर्यतीच्या पट्टीवर मामाने पाय दाबला की उजवं चाक जागच्या जागी धूर काढायचं, डावं नुसतं बघत राहायचं, आणि मागे डांबरावर एकच काळी रेघ उरायची. त्या एका रेघेवरून लॉइड हफमनने गाडीचं नाव 'लंगडी' पाडलं होतं. लॉइड हा मामाचा शाळेपासूनचा मित्र आणि पट्टीवरचा कायमचा प्रतिस्पर्धी.

"काय वेंडेल, लंगडीला फिरवून आणलंस का?" तो दर रविवारी विचारायचा.

यंदा मामाने दोन्ही चाकांना एकत्र ओढायला लावणारं नवं डिफरन्शियल आणि नवे गिअर घेतले. पण दोन वर्षांपासून त्याचे हात थरथरतात. मी जूनमध्ये धातुशास्त्राची पदवी घेऊन घरी आले होते. त्याने मला बोलावलं.

गिअरचे दाते एकमेकांत बसवायचं काम त्याने स्वतःच केलं. दात्यांना पिवळा रंग लावायचा, फिरवायचं, ठसा कुठे उमटतो ते पाहायचं, पातळ चकत्या बदलून परत फिरवायचं. दोन दिवस गेले. हात थरथरत होते, पण ठसा शेवटी दात्याच्या बरोबर मधोमध उमटला. राहिला पुढचा मोठा नट, ज्याला जोर लागतो. या नटाच्या मागे, दोन बेअरिंगांच्या मध्ये, पोलादाची एक पातळ नळी असते. नट आवळला की नळी दबते आणि बेअरिंगं हवी तेवढी घट्ट होतात. गिअरचा दांडा किती जड फिरतो ते मापाच्या पान्यावर वाचायचं.

"वीस ते पंचवीसच्या मध्ये थांबायचं," मामा म्हणाला. "पुढे गेलीस तर नळी नवी घालायची. नट मागे फिरवायचा नाही."

"अरे मामा, दबलेलं पोलाद परत फुगत नाही. चार वर्षं मी दुसरं काय शिकले?"

"मग झालं तर. मला शिकलेल्यांचीच भीती वाटते." तो हसला आणि कॉफी आणायला घरात गेला.

नट हलेना. मी पान्याला लांब पाइप जोडला आणि सगळं अंग टाकलं. आधी काहीच झालं नाही, मग एकदम पाव फेरा गेला. मापाच्या पान्यावर वाचलं: एकेचाळीस.

मला नक्की ठाऊक होतं काय करायचं ते. सगळं पुन्हा उघडायचं, बेअरिंग ओढून काढायचं, नळी बदलायची. एक अख्खी दुपार. आणि मी ते वाक्य नुकतंच बोलून बसले होते. मी नट थोडा मागे फिरवला. पान्यावर चोवीस आलं. आकडा अचूक होता, पण आता नटाला मागून रेटून धरणारं काही उरलं नव्हतं; गाडी धावली की तो सैल होत जाणार आणि दाते जागचे सरकणार. परीक्षेत मी हे आकृतीसकट लिहिलं होतं.

मामा दोन कप आणि 'पीच पाय' या गोड पदार्थाचा तुकडा घेऊन आला. "किती?"

"चोवीस."

त्याने स्वतः दांडा फिरवून पाहिला. चोवीसच. "बघा! माझ्या पहिल्या वेळी मी तीन नळ्यांची वाट लावली होती. लिही दारावर. नाव घाल तुझं."

तेव्हा सांगता आलं असतं. त्याने वाट स्वतःच मोकळी करून दिली होती. मी पेन्सिल उचलली आणि लिहिलं: २४, थि.

रविवारी पट्टीवर मामाने पाय दाबला आणि गाडीमागे दोन काळ्या रेघा उठल्या. सरळ, समांतर. कुंपणापाशी लोक ओरडले. लॉइडने टोपी काढून छातीशी धरली. "गेली रे लंगडी! देवाने तिला पाय दिला!"

"देवाने नाही, भाचीने," मामा म्हणाला. तो सगळ्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता. मी बुटाकडे बघत होते.

दुसऱ्या फेरीत मागून बारीक शीळ ऐकू आली. मी कुंपणाला धरून उभी होते. ती कसली ते मला कळलं, तरी मी धावत गेले नाही. तिसऱ्या फेरीत गाडी निघाली आणि मागून लोखंड फुटल्याचा आवाज झाला. ती तशीच घरंगळत कडेला गेली. मागे दीडशे फूट तेलाचा पट्टा.

पट्टीवर तेल सांडलं की सगळ्यांची शर्यत थांबते. साठ गाड्या तासभर उन्हात उभ्या राहिल्या. तेल शोषणारी भुकटी टाकणाऱ्यांबरोबर मामाने स्वतः झाडू घेतला. पूर्ण पट्टा झाडला. मग रांगेतल्या एकेका गाडीपाशी जाऊन म्हणाला, "माफ करा मंडळी. दाते मी बसवले होते. हात साथ देत नाहीत आता."

मी त्याच्या मागून भुकटीची बादली घेऊन चालत होते. प्रत्येक गाडीपाशी मला एकदा तरी संधी मिळाली. मी सोळा गाड्या मोजल्या, मग मोजणं सोडलं.

परतताना तो एकच वाक्य बोलला. "लॉइड किती वर्षं चेष्टेत मागतोय गाडी. देऊन टाकतो."

मंगळवारी दुपारी लॉइड आला. शेव्हेलचे कागद कामाच्या टेबलावर होते, शेजारी पेन. डिफरन्शियल उघडून ठेवलेलं होतं. तळाशी तुटलेल्या दात्यांचे तुकडे. मामाने त्यांतला एक बोटांत धरला होता आणि तो थरथरत होता.

"विचार कर रे," लॉइड म्हणाला. आज त्याला थट्टा जमत नव्हती. "मला ती हरवायला पाहिजे, विकत नको."

"काय विचार करायचा? ठसा मला मधोमध दिसला होता. म्हणजे डोळेही गेले."

त्याने पेन उचललं.

"मामा, नट एकेचाळीसवर गेला होता," मी म्हणाले. "मी मागे फिरवला. तू कॉफी आणायला गेला होतास."

लॉइडने कागद हळूच स्वतःपासून दूर सारला. मामाने वाकून नटाला बोट लावलं. नट हातानेच फिरला.

"म्हणजे ठसा बरोबर होता," तो म्हणाला.

"हो. तुझं काम बरोबर होतं."

"मी दोन दिवस या हातांना शिव्या देतोय, थिया." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पट्टीवर साठ माणसांसमोर दिल्या. तू बादली घेऊन मागे होतीस."

त्याने खण उघडला आणि टेबलावर चार नळ्या मांडल्या, नव्या, तेलकट कागदात गुंडाळलेल्या. "तुझी पहिली वेळ म्हणून पाच आणल्या होत्या."

लॉइड खाकरला. "मी निघतो. रविवारी नसशील तर पुढच्या रविवारी ये. तोवर मी कोणाला चिडवू?" दारातून वळून तो म्हणाला, "आणि झाडू घेऊन या वेळी तिला पाठव, साठ गाड्यांपाशी."

"जाईन," मी म्हणाले.

कपाटाचं दार उघडून मी रबर शोधू लागले.

"खोडू नकोस," मामा म्हणाला. "आधी काय झालं ते लिही."

चोवीसच्या अलीकडे जागा कमी होती. मी बारीक अक्षरात एकेचाळीस घातलं आणि तिथून चोवीसकडे बाण काढला. आद्याक्षर होतंच.

नवे गिअर यायला नऊ दिवस लागले. दाते पुन्हा मामानेच बसवले. नटाची वेळ आली तेव्हा त्याने पाइप माझ्या हातात दिला, नळी स्वतः तपासून बसवली, आणि स्टूल ओढून मापाच्या पान्यासमोर बसला. कॉफीचा थर्मास त्याने सकाळीच भरून आणून ठेवला होता.