सेकंडचं लेबल

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सला कूळ नसतं, लेबल असतं. एकाच ताग्यातल्या पँटींवर प्रीती सकाळी एका कंपनीचं लेबल शिवायची, दुपारी दुसरीचं. त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. पँट घालून कुणाचं डोकं फिरत नाही.

म्हणून कटिंग मास्टर दिपेशने कापडी थैल्या पुढ्यात टाकून "धुपाचा माल आहे, तोंड शिवून लेबल मार" म्हटलं, तेव्हाही ती शिवत गेली. कुश, मलाना, इडुक्की. नावं काय, एकेक झकास! मग तसलीच एक थैली तिला धाकट्या भावाच्या, महेंद्रच्या खिशात सापडली. आत गांजा.

"ताई, हा साधा माल नाय. कुश आहे, इम्पोर्टेड स्ट्रेन, जातच वेगळी," महेंद्र म्हणाला. "एकदम क्लीन. येडे होतात ते देसी ओढणारे."

हाच महेंद्र हल्ली कारखान्यात इस्त्रीवर उभ्या उभ्या पेंगायचा, आईच्या हाकेला ओ देत नव्हता.  प्रीतीच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण त्या थैलीवर लेबल तिच्याच हातचं होतं.

तिने दिपेशवर नजर ठेवली. ताग्यांमागे गांजाची एकच गोणी होती, काड्या-बियांसकट. सगळ्या थैल्या तो त्याच गोणीतून भरत होता. त्या नावांची खरी झाडं असतीलही जगात कुठे, गोणीत नव्हती.

पुढचा लॉट जेवणाच्या सुट्टीत आला. सगळे कारागीर डबे उघडून बसले होते. प्रीतीने बिनलेबलाच्या थैल्या मशीनवर ओळीने मांडल्या.

"महेंद्र, इकडे ये. यातली कुश कुठली?"

त्याने एक हुंगली, दुसरी हुंगली. "ही... नाय, ही." कान लाल झाले त्याचे.

"प्रीती, नाटक बंद कर. गप शिव," दिपेश गुरकावला.

"शिवते की!"

तिने ड्रॉवरमधून खराब पँटींना लावायचं 'सेकंड'चं लेबल काढलं आणि मशीन चालू केलं. एकेका थैलीवर सेकंड, सेकंड, सेकंड. कारागीर हसायला लागले.

"उद्यापासून कामावर यायचं नाय!" दिपेश ओरडला.

"नाही येत. आणि तू जा पोलिसात, सांग की बाईने माझ्या गांजाला चुकीचं लेबल लावलं."

दिपेश थैल्या गोळा करून गोणीत कोंबायला लागला. महेंद्र मात्र मशीनजवळून हलला नव्हता. त्याने खिशातून आपली थैली काढली आणि सुईखाली ठेवली.

"ताई, ते कुशचं लेबल उसव," तो म्हणाला. "याला पण सेकंडचं लाव."