आवाज बंद केल्यावर

बाबा वारले तेव्हा मी अमरावतीला होते. तार उशिरा मिळाली; किन्हीराजाला पोचले ती राख सावडायला. त्यांचा फोटो कधी कोणी काढला नव्हता. म्हणून सरकारी प्रचाराची गाडी पटकीच्या साथीवरचा छोटा बोलपट घेऊन शेलूबाजारला आली आहे आणि त्यात बाबा आहेत, असं कळलं तेव्हा मी मायला घेऊन गेले. मला त्यांना एकदा पाहायचं होतं, एवढंच.

चित्रीकरण चैतातलं. बाबा गेले भादव्यात, हिवतापाने.

कापसाच्या गोदामाच्या दारांना पोती टांगून भर दुपारी अंधार केला होता. आमच्या मागे जानरावकाका बसले होते, बाबांचे लहानपणापासूनचे सोबती. बोलपटात बाबांच्या ओंजळीत पाणी त्यांनीच ओतलं होतं.

“मारोतराव नट झाले, वैनी,” ते म्हणाले. “आमाले कोन ओयखते?”

“तुमचा तं हातच दिसते म्हनतात,” माय म्हणाली.

“हातच? दिवसभर उन्हात उभा होतो न मी!”

पडद्यावर विहीर आली, मग बाबा. मायने पदर पुढे ओढला. चारचौघांत ते समोर आले की ती तसंच करायची.

आधी पाखरं होती, रहाटाची कुरकुर होती. मग काकांचा हात दिसला. तो मोठा होत होत पडदाभर झाला, तांब्या कलंडला आणि बाकीचे आवाज एकदम थांबले. उरली फक्त बाबांच्या गळ्यातली घटघट. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर सरकला. ओठ थरथरत होते. घटघट वाढत गेली. मग ढोलाचा एकच ठोका, आणि पांढऱ्या कापडाखालून बाहेर आलेले दोन पाय.

“बाबा, पिऊ नका!”

ओरडले होते मी. शिकलेली, अमरावतीला बोलपट पाहिलेली. आणि वळून मी काकांच्या हाताकडे पाहिलं. माझं पाहून सगळ्यांनीच पाहिलं.

“मले काहून पाहून राह्यली वं?” काकांनी हात उपरण्याखाली घेतला. “चांगलं पानी होतं. मी बी तेच पेलो.”

मायने मला खाली ओढलं. “बस. त्यायचे पाय नाहीत ते. शेवटचे म्याच धुतले न.”

लोक गेल्यावर मी यंत्रावरच्या माणसाला विचारलं, “आवाज न लावता पुन्हा दाखवाल?”

“आवाज काढला तर त्यात काही उरत नाही, बाई.”

तरी त्याने दाखवलं. आता तो हात नुसता म्हाताऱ्या माणसाचा हात होता, थेंब सांडू नये म्हणून जपणारा. बाबांचे ओठ थरथरत होते, पण वेदनेने नव्हे. त्यांना हसू आवरत नव्हतं. काकांनी पाणी ओततानाच काहीतरी म्हटलं असणार.

“एवढंच पुरे,” मी म्हणाले. पाय येण्याआधी त्याने भिंगावर तळवा धरला.

काका बाहेर बैलगाडीपाशी उभे होते.

“काका, त्या दिवशी बाबांना काय म्हणाला होतात तुम्ही? ते हसत होते.”

त्यांनी बैलाच्या मानेवरचं जू नीट केलं. डाव्या हाताने. उजवा अजून उपरण्याखालीच होता.

“मले नाही आठोत,” ते म्हणाले.