हौश्या डावीकडे

आबा झोपले. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर, तोंड उघडं टाकून, चक्क घोरत.

हे वाक्य वाचलं असेल तर कृपया विसरावं. आबा झोपलेले नाहीत. तळघरासाठी विहीर बुजवली त्या दुपारपासून ते जागे आहेत, आणि का जागे आहेत एवढंच मला सांगायचं आहे.

आबा म्हणजे सोनबा, माझे आजोबा. खराडीत आमचं रान होतं; तेव्हा खराडीत रानच होतं. रानात विहीर आणि विहिरीवर मोट. आबांचे थोरले भाऊ हिंदुराव दुपारची मोट हाकायचे, आणि आबा आपली पाळी येईपर्यंत उंबराखाली झोपायचे. रिकामी मोट खाली जाताना चाकाचा एक सूर, भरून वर येताना दुसरा, मग पाणी ओतल्याचा आवाज, की पुन्हा पहिला. पुढे विजेची मोटार आली. मोट गेली, हिंदुराव गेले, चाक मात्र विहिरीवर राहिलं. वाऱ्यानं जरा कुरकुरलं तरी आबांना झोपेला तेवढं पुरायचं. मग तिथं आयटी पार्क उभं राहिलं. विहिरीच्या जागी गाड्या लावायचं तळघर आलं, चाक भंगारात गेलं.

त्याच इमारतीत सातव्या मजल्यावर मी नोकरी करतो. म्हणजे वडिलोपार्जित शेतातच राबतो, फक्त पीक काय येतं ते कुणाला सांगता येत नाही. आमचं घर पार्कच्या भिंतीला लागून आहे.

डॉक्टरांनी आबांना गोळ्या दिल्या. गोळीनं डोळे मिटत, आबा आत जागेच. सदरा खुंटीवर दिसावा तसा अंगावर दिसू लागला. एकदा त्यांनी बशीतला चहा माझ्या शर्टाच्या खिशात ओतला. सावकाश, एक थेंब बाहेर न सांडता. माझी आई, प्रेमला, मला म्हणाली, "भैरू, आबा असेच वाळत गेले तर दिवाळी नाही बघायचे." आई उगाच बोलत नाही. घरात उगाच बोलायचं खातं माझ्याकडे आहे.

त्या दिवसांत मी पेडल स्टील गिटारच्या नादाला लागलो होतो. ही गिटार मांडीवर घेत नाहीत. ती इस्त्रीच्या टेबलासारखी चार पायांवर उभी असते. वर दहा तारा. डाव्या हातातली पोलादी कांडी त्यांवरून घसरवायची. पायाशी तीन पेडलं, गुडघ्यांशी तरफा. पेडल दाबलं की ठरावीक तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. गुडघ्यानं तरफ ढकलली की दुसरे सूर उतरतात. वाजवणारा वरून साधू दिसतो आणि खालून सायकल शिकत असतो.

माझा शाळेपासूनचा दोस्त अमीन याचं हडपसरला ग्रिल-शटरचं वर्कशॉप आहे. व्हिडिओ बघून त्यानं ही गिटार बनवून दिली. "तीन पेडलं, चार तरफा," तो म्हणाला. "माझ्या टेम्पोला पण एवढं नाही यार, आणि तो सिमेंट वाहतो."

पहिल्या दिवशी मी एक पेडल दाबलं आणि सोडलं. सूर कुरकुरत वर गेला, खाली आला. गॅलरीत बसलेले आबा उठून दारात आले.

"चाक कुठनं आणलं रं?"

"आबा, ही गिटार आहे."

"असू दे की. चाक कुठनं आणलं?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, आबांच्या तोंडाकडे बघत राहिली, मग मला म्हणाली, "ऑफिसला सांग, ताप आलाय."

या गिटारच्या जुळण्या, म्हणजे तारा लावायच्या रीती, मुख्यतः दोन. एक ई नाइन: उंच, चमकदार, जरा रडवेली. दुसरी सी सिक्स: जाड, गुबगुबीत, जेवण होऊन तंगड्या पसरलेली. कुठली घ्यावी यावर वादकांची आयुष्यं जातात. आबांनी एका दुपारी निकाल लावला. ई नाइन ऐकून म्हणाले, "उथळ हाय. एवढ्या पाण्यात तांब्या बुडायचा न्हाई." मी सी सिक्स लावली. त्यांनी बराच वेळ मान हलवली. "खोल हाय. पण ही गोल विहीर झाली. आपली चौकोनी व्हती."

तारा लावायला आलेल्या अमीननं पक्कड खाली ठेवली. "आबा, चौकोनी कुठून आणू?"

"ते पोरा तू बघ. लोखंडातला माणूस तू."

शेवटी पुन्हा ई नाइन लावली आणि दहाच्या दहा तारा सारख्याच ढिल्या करत गेलो. आबा डोळे मिटून बोट खाली दाखवत होते. अजून. अजून जरा. ई नाइनची डी नाइन झाली तेव्हा त्यांचं बोट थांबलं. "लागलं पाणी," ते म्हणाले, आणि आईनं नकळत पदर सावरला, जणू काठावर उभी आहे.

पेडलं त्यांना समजावून सांगावी लागली नाहीत.

"पाय खाली गेला की सूर वर जातो," मी सुरुवात केली.

"मग? बैल उतारानं खाली गेल्यावरच मोट वर येती. शहाणा हायेस का?"

बैल दोन होते, हौश्या आणि नवश्या. तिसरा घेतला असता तर नाव तयार होतं. माझी पहिली दोन पेडलं, ए आणि बी, बहुतेक वेळा जोडीनंच दाबतात. आबांनी ऐकून ठरवलं, की ए हा हौश्या. तो आधी ओढ घेतो. बी नवश्या, तो मागून विचार करत येतो. सी एकटंच राहिलं, त्याला गवश्या म्हणून ठेवलं. डाव्या गुडघ्याची तरफ म्हणजे सैल सुटलेला दोर. उजव्या पायाखाली आवाज कमी-जास्त करायचं वेगळं पेडल असतं, ते मोट ओतायचा हौद झालं. एवढी तयारी करून मी वाजवायला बसलो आणि आबा आडवे झाले.

डोळे मिटले. हात सैल पडला. आईनं पंखा एकवर आणला. आणि आबा उठून बसले.

"हौश्याला उजवीकडं कुणी जुंपला?"

तर पेडलांच्या क्रमाचं असं आहे. एक पंथ डावीकडून ए-बी-सी लावतो, दुसरा सी-बी-ए. दोन्ही पंथ एकमेकांकडे जेवत नसावेत. मी दुसऱ्या पंथाचा. माझा घोटा तसाच वळतो. म्हणजे माझ्याकडे हौश्या होता उजव्या टोकाला.

"आबा, कुठूनही दाबलं तरी सूर तोच येतो."

"सूर येतोय. बैल येत न्हाई. गोऱ्हा असल्यापासनं त्यो डावीकडं चालला. गोठ्यात डावा, गाडीला डावा. उजवीकडं घातला की नवश्याकडं बघत बसतो. बघ, बिचकतोय."

मी पुन्हा वाजवलं. खरंच बिचकत होता. माझाच पाय असून मला वाईट वाटलं.

अमीननं गिटार पलंगावर उताणी टाकली, खालच्या सळया सोडल्या आणि अदलून बदलून लावल्या. "भाई, मी शटर बनवतो," तो सळईशी बोलत होता. "शटर कधी विचारत नाही मी डावा का उजवा." माझे पाय मात्र जुन्याच पंथात होते. मी जेवताना टेबलाखाली ए-बी, ए-बी करत बसायचो. ऑफिसात मीटिंगमध्येही तेच. साहेबांना वाटलं मला पगाराबद्दल बोलायचं आहे.

मग शनिवार आला.

मी तरफ ढकलली. दोर सैल सुटला, सूर खाली, खाली गेला आणि थंड झाला. हौश्यानं ओढ घेतली, मागून नवश्या. चाक कुरकुरलं. उजव्या पायानं मी हौद भरला, पाणी सांडलं, पुन्हा दोर सोडला. कितीदा ते मोजलं नाही. खोलीत ओल्या मातीचा आणि गवताचा वास आला आणि कुणी त्याबद्दल बोललं नाही. समोरच्या इमारतीच्या काचा ऊन हलवत होत्या, पाणी हलवतं तसं. सातव्या मजल्यावर माझ्या खुर्चीच्या जागी उंबराची सावली पडली होती. मला ती घरातून दिसली. भिंतीपलीकडून कुणीतरी बैलांना चुचकारल्याचा आवाज आला. आबांनी झोपेत कूस बदलली आणि म्हणाले, "दादा, माझी पाळी झाली का?"

"नाही," मी म्हणालो. "झोप."

ते झोपलेच नाहीत, हे मी आधीच सांगितलं आहे.

सोमवारी पार्कचे व्यवस्थापक शरच्चंद्र यांनी बोलावून घेतलं. सदऱ्याला दोन पेनं लावणारे, सावकाश बोलणारे गृहस्थ. ते मला तळघरात घेऊन गेले. गाड्यांच्या मधोमध स्वच्छ पाण्याचा एक चौकोन होता, बरोबर चौकोन. गाड्या उतरतात त्या उतारावर खुरांचे ठसे, दोन ओळींत, वर येणारे आणि खाली जाणारे.

"आपण भैरू ना? आपल्या घरी दुपारी वाद्य वाजतं."

"वाजतं."

"आपण थांबता तेव्हा पाणी वाढायचं थांबतं. चौकीदारानं पाहिलंय. हे इथं जे पडलंय, ते शेण आहे. त्याला पार्किंगचं स्टिकर नाही." त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण वापरला नाही. "मी पाणी उपसायला पंप लावलाय. दुपारी एकला चालू होईल."

पंप चालू झाला. पुढच्या शनिवारी मी वाजवलं, हौश्या डावीकडेच होता, वास आला, सावली आली, आणि आबा किंचाळून उठले. "मोट रिकामी आली!" त्यांनी चादर दोरासारखी ओढून धरली. "दादा हाकतोय आणि विहिरीत पाणी न्हाई." त्यानंतर ते आडवेच होईनात. म्हणाले, रिकामी मोट बघण्यापेक्षा जागा राहतो. आईनं माझ्याकडे पाहिलं. दिवाळी जवळ येत होती.

मी पुन्हा शरच्चंद्रांकडे गेलो. "दुपारपुरता पंप बंद ठेवा."

"अर्ज द्या. पण आजोबा झोपले की पाणी येतं असं लिहू नका, नाहीतर पाणी तुमचं ठरेल. ते झोपलेच नाहीत असं लिहा."

"मग पंप कशासाठी बंद करायचा?"

"ते आपण बघा. अर्ज घेणं माझ्याकडे आहे. मंजूर करणं कुणाकडेच नाही."

म्हणून लिहितो, की अर्जदाराचे आजोबा श्री. सोनबा हे कधीही झोपलेले नसून, सबब तळघरातील पाण्याशी त्यांचा संबंध नाही. तरीही दुपारी एक ते चार या वेळेत तेथील पंप कायमस्वरूपी बंद ठेवण्यात यावा; पाण्याचा चौकोन गोल करण्यात येऊ नये; आणि उतारालगतच्या दोन जागा श्री. हिंदुराव (मयत) यांच्या नावे राखून ठेवाव्यात, पैकी डावी हौश्याची राहील, व ती कोणत्याही कारणास्तव उजवी करण्यात येऊ नये.