लुंगीतले चौदा दिवस

मित्रांनो, निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची, उजेडात धरली तर पलीकडचं दिसेल इतकी विरलेली मी एक जुनी लुंगी आहे. माझा जन्म मालेगावच्या एका यंत्रमागावर झाला. निफाडच्या काशिनाथरावांनी मला विकत घेतलं. ते वीज मंडळात लाइनमन होते. दिवसभर खांबांवर चढून घरी आले की खाकी पँट उतरवून मला नेसत. त्यांच्या अंगावर मी अकरा वर्षं मऊ होत गेले.

ते वारल्यावर त्यांच्या पत्नी सरलाबाईंनी मला टाकलं नाही. २०१२ साली त्यांचा एकुलता एक मुलगा चंद्रहास न्यूझीलंडला निघाला, तेव्हा त्यांनी मला त्याच्या बॅगेत तळाशी घातलं.

"आई, तिथे लुंगी कोण नेसतं?"

"नको नेसूस. असू दे नुसती."

२०११च्या भूकंपानंतर तिथल्या ख्राइस्टचर्च शहरात रस्त्यांखालचे फुटलेले सांडपाण्याचे पाइप बदलायचं काम चाललं होतं. चंद्रहास त्यावर इंजिनियर होता. हॉर्नबी उपनगरात त्याने दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं. तिथल्या थंडीत माझा काय उपयोग? त्याने मला टेबलफॅनवर धूळ बसू नये म्हणून पांघरलं आणि विसरून गेला. तीन वर्षं मी तिथून त्याला पाहत होते. कामावरून यायचा, खोली गरम करायला हीट पंप लावायचा, कुकरमधली खिचडी ओट्यापाशी उभ्यानेच खायचा. चाळिशी उलटली होती, लग्न जमता जमता राहून गेलं होतं. रविवारी आईचा फोन आला की म्हणायचा, "मजेत आहे गं."

२०१५च्या हिवाळ्यात तो मजेत नव्हता. मधुमेहामुळे त्याला नाजूक जागी पुन्हा पुन्हा जखमा व्हायला लागल्या. पुढची कातडी आक्रसत गेली आणि लघवीला जाणंसुद्धा नकोसं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, सुंता करावी लागेल. ऑपरेशन छोटं आहे, त्याच दिवशी घरी जाता येईल. फक्त एक अट होती, एकट्याने घरी जायचं नाही.

"टॅक्सीने घरी गेलो तर?" त्याने हॉस्पिटलच्या नर्सला फोनवर विचारलं.

"नाही चालणार. भूल दिलेली असते. कुणीतरी न्यायला हवं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सोबत राहायला हवं."

त्याने फोन ठेवला. मोबाइलमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. ऑफिसातली होती, गणपतीच्या आरतीला भेटणारी मराठी मंडळी होती. पण हे कुणाला सांगायचं? हिंदू माणसाला सुंता कशाला, असं कुणी हसत विचारलं तर? त्याने ऑपरेशन रद्द केलं.

हॉस्पिटलने दुसरी तारीख दिली तोवर मात्र दुखणं इतकं वाढलं होतं की त्याने साइटवरच्या फोरमनला, इओसेफोला गाठलं. इओसेफो पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरचा, दाराएवढा रुंद माणूस. चंद्रहासने त्याला हर्नियाचं ऑपरेशन आहे म्हणून सांगितलं. इओसेफो म्हणाला, "स्वीट ॲज, ब्रो," म्हणजे काही काळजी नको, येतो.

हॉस्पिटलने सैल कपडे आणायला सांगितलं होतं. कपाटात सगळ्या जीन्स. तेव्हा चंद्रहासची नजर माझ्यावर गेली. त्याने मला झटकलं, घडी घालून पिशवीत ठेवलं.

ऑपरेशननंतर नर्सने दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. दोन दिवस जखम कोरडी ठेवा. मग रोज थोडा वेळ शॉवर. पट्टी चिकटू नये म्हणून व्हॅसलिन लावा. टाके आपोआप विरघळतील. सूज आणि काळंनिळं होणं नेहमीचं, पण रक्त थांबत नसेल, ताप आला, लघवी अडली, तर लगेच फोन करा. ती बोलत होती आणि चंद्रहासची मान खाली खाली जात होती. त्याचं हर्नियाचं खोटं उघडं पडलं होतं.

इओसेफोने गाडी सुरू केली. मग इओसेफो म्हणाला, "चंद्रा, आमच्याकडे सगळ्याच मुलांचं होतं हे. माझं नवव्या वर्षी झालं. आठवडाभर भावंडांपुढे रडलो. तू कुणापुढे रडणार होतास?"

चंद्रहासने पहिल्यांदा मान वर केली.

घरी आल्यावर त्याने मला नेसायला घेतलं, तर इओसेफो खुश झाला. "हा तर आमचा लावालावा! आमचे पुरुषही असंच नेसतात. पण गाठ समोर नको, तिथे ओझं पडेल. बाजूला घे." त्याने स्वतः गाठ बांधून दाखवली. ब्लँकेट जखमेवर टेकू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रेड, दूध आणि केळी आणली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो सोफ्यावरून हलला नाही. मग त्याला जावं लागलं, आणि घर पुन्हा गप्प झालं.

तिसऱ्या दिवशी पट्टी चिकटली. ओढावी तर जीव कळवळत होता. चंद्रहास बाथरूममध्ये भिंत धरून उभा होता. शेवटी त्याने नर्सला फोन केला. "ओढू नका. कोमट पाणी सोडत राहा, ती स्वतःच सुटेल." वीस मिनिटं तो मगाने पाणी सोडत होता. पट्टी अलगद सुटली. मग तो पलंगावर बसला आणि माझ्या टोकाने डोळे पुसले. इतकी वर्षं जगून मी पहिल्यांदा त्या कामाला आले.

आधीच्या रविवारी आईला त्याने "मजेत" सांगून निभावलं होतं; पुढच्या रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. फोन टेबलावर टेकवताना कलला आणि मी दिसले.

"चंदू! त्यांची लुंगी नेसलास?" सरलाबाईंचा चेहरा उजळला, मग बारीक झाला. "का रे? बरं नाही का?"

तो "मजेत" म्हणणार होता. त्याचे ओठ तसे हललेही. पण म्हणाला, "आई, माझं ऑपरेशन झालं. सुंता करावी लागली. साखरेमुळे."

सरलाबाईंनी फोन जवळ ओढला.

"कधी?"

"नऊ दिवस झाले."

"आणि नऊ दिवस तू एकटा होतास?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "अरे, मला काय वाटलं असतं, याचा विचार करत बसलास? दुखतंय का अजून, ते सांग आधी."

"आता कमी आहे. लघवीला चुरचुरतं फक्त."

"पाणी पी भरपूर. आणि फोन बंद करू नकोस. मी भाजी निवडते, तू पडून राहा."

तो पडून राहिला. निफाडच्या स्वयंपाकघरात मेथी निवडल्याचा आवाज येत होता, आणि चंद्रहास कित्येक दिवसांनी दुपारी गाढ झोपला.

चौदाव्या दिवशी तो जीन्स घालून कामावर गेला. जखम छान भरली. २०१७ साली साइट संपली, इओसेफो ऑकलंडला गेला. सरलाबाई गेल्या वर्षी वारल्या. आता मी उशीखाली असते. तो मला नेसत नाही, हात लावून झोपतो.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. कापड विरणारच. पण तुमच्या ओळखीचा एखादा एकटा माणूस आजारी रजेवर असेल, तर दुखणं कोणतं हे विचारू नका. केळी घेऊन त्याचं दार वाजवा, आणि लगेच निघू नका.